तिसरं बटण

“आपल्याला काय करायचंय?” हे तिचं वाक्य. तोंडाला पदर घट्ट बांधून, फक्त डोळे बाहेर ठेवून ती हे म्हणायची आणि समोरच्याचं बोलणं तिथंच तोडायची.

माझं मिरची कांडायचं मशीन आहे. उन्हाळ्यात चटणीचे दिवस आले की बायका मिरची, धने, खोबरं घेऊन येतात, नंबर लावून पायरीवर बसतात आणि नंबर येईपर्यंत गावातली सगळी घरं उघडी करतात. ती माझ्याकडे अकरा वर्षं मसाला भाजायला होती. बायका मुद्दाम तिला खोदायच्या, “व्हय गं, तुझ्या शेजारणीचं खरं हाय का?” ती कढईत उलथनं फिरवत राहायची. “आपल्याला काय करायचंय?”

मला ती मठ्ठ वाटायची. खरं ते लिहिते. मी चौथी शिकलेली बाई, गोड लिहायला मला कुणी शिकवलं नाही. तिचं नाव मात्र लिहीत नाही. गल्लीला माहीत आहे तेवढं पुरे.

हात मात्र तिचा असा होता की तसा मी दुसरा बघितला नाही. धने कधी उतरवायचे ते वासावर ओळखायची. तीळ तडतडायच्या आधी कढई खाली. मी दिवसभर शिव्या घालायची, ते माझं बोलणंच आहे. “हात चालीव की, झोपलीस का काय?” ती हसायची. नवरा दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हर, एक पोरगी लग्नाची. पहाटे जायचा, दुपारी मोकळा. दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. मला “आक्का, आक्का” करायचा.

आता जे लिहिते ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मागच्या गल्लीत ब्लाउज शिवणारी एक बाई राहते. तीनेक वर्षांपूर्वी मी भर दुपारी माप द्यायला गेले. दार लोटलेलं होतं, ढकललं. आत हा टेम्पोवाला गडी बनियनवर खुर्चीत बसलेला, हातात चहा. त्याचा शर्ट तिच्या मांडीवर, आणि ती त्याला बटण लावत होती. शर्ट तर कुणाचाही येतो शिलाईला. पण त्या बाईनं दोरा दातानं तोडला आणि शर्ट त्याच्या अंगात स्वतः घातला. त्यानं हातही हलवला नाही, लहान पोरासारखा घालून घेतला. मी होते तशी मागं फिरले.

मी तोंडाची फाटकी बाई. पण ह्या गोष्टीत गप्प बसले. तिचं घर मोडेल म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धं खरं होतं. चटणीचे दिवस तोंडावर आले होते आणि तिच्यासारखं भाजणारं दुसरं कुणी नव्हतं, हे उरलेलं अर्धं.

मग जयसिंगपूरची एक मुलगी पिक्चर काढायला आली. कोल्हापूरला पिक्चरवाल्यांचं नवल नाही. पण त्यांच्याकडे गाड्या असतात, माणसं असतात. हिच्याकडे एक कॅमेरा आणि चार मैत्रिणी. गोष्ट हसायची होती. एका संसारी बाईला नवऱ्याचा संशय येतो. सासू, पोरगी, शेजारी सगळे त्याच्या मागावर निघतात. शेवटी कळतं की पन्नाशीचा बाप्या चोरून पोहायला शिकतोय. एवढं पाणी असलेल्या गावात राहून पोहता येत नाही याची त्याला लाज.

बायकोचं काम करणारी पुण्याची बाई आयत्या वेळी आलीच नाही. त्या मुलीनं भट्टीपुढं बसलेली ही बघितली. “डोळे बघा यांचे!” म्हणाली आणि हिला घेतलं. सासू मी. माझं तोंड बघूनच घेतलं म्हणे. नवरा झाला एक शाळामास्तर. त्याच्याकडे सगळे पांढरेच शर्ट, आणि पिक्चरला चौकड्याचा पाहिजे होता. हिनं घरातून स्वतःच्या नवऱ्याचा आणून दिला. कपडे विकत घ्यायची त्या मुलीची ऐपत नव्हती, म्हणून हे झालं.

शॉट असा होता. तिनं शर्ट हुंगायचा, “अगंबाई, अत्तराचा वास!” म्हणून ओरडायचं. मी कपाळावर हात मारून म्हणायचं, “माझा ल्योक तसला न्हाय!”

तिला जमेना. शर्ट नाकाला लावला की हसू यायचं. सहा-सात वेळा झालं.

“अत्तर कुठलं आक्का, ह्याला नुसता डिझेलचा वास मारतोय!”

सगळी गल्ली हसली. तिचा नवरा गर्दीत पुढंच उभा होता. तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

ती मुलगी वैतागली नाही. म्हणाली, “मावशी, ओरडू नका. वाससुद्धा सोडा. घरी बघता तसा बघा फक्त.”

हिचं हसू थांबलं. कॅमेरा सुरू झाला.

तिनं शर्ट उजेडाकडे धरला. नाकाजवळ नेलाच नाही. कॉलर उलटी करून आतली कड बघितली. खिशात दोन बोटं घालून कोपऱ्यातला कचरा काढला, तळहातावर पसरला, निरखला, झटकला. बाह्यांच्या घड्या उलगडल्या. मग वरच्या बटणापासून नखानं एकेक चाचपत खाली आली. एकदाही चुकली नाही, एकदाही अडली नाही. हजारदा केलेलं काम कसं दिसतं ते मला कळतं. धने भाजताना तिचा हात असाच चालायचा.

तिसऱ्या बटणावर नख थांबलं. तिनं ते उलटं करून मागचा दोरा बघितला.

“ह्ये माझ्या हातचं न्हाय,” ती म्हणाली. ओरडून नाही. घरातलं मीठ संपलं म्हणावं तसं. “मी दोन टाकं घालतो, सरळ. ह्ये फुलीचं हाय, खाली दोरा गुंडाळून. शिलाईवालीचा हात.”

हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. आता माझी पाळी होती, पण “माझा ल्योक तसला न्हाय” हे माझ्या तोंडातून निघेना. माणूस सत्तरीला आला की वाटतं, आता आपल्याला धक्का बसत नाही. खोटं आहे ते. एवढी वर्षं मी जिला मठ्ठ समजले, ती रोज रात्रीचा शर्ट असा वाचत होती.

“एकदम नॅचरल!” ती मुलगी ओरडली. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. मी तिच्या नवऱ्याकडे बघितलं. तोही टाळ्या वाजवत होता. बटण कुणी लावलं ते त्याच्या ध्यानातही नसावं.

दुसऱ्या दिवशी ती वेळेवर कामाला आली. तोंडाला पदर बांधला, भट्टी पेटवली. मीही काही विचारलं नाही.

चार महिन्यांनी पिक्चर तयार झाला. एका रविवारी दुपारी हॉल भाड्यानं घेऊन त्या मुलीनं गल्लीला दाखवला. बटणाच्या जागी लोक खुर्च्या बडवून हसले. शेवटी मास्तर लंगोटावर पाण्यात उडी मारतो, तिथं शिट्ट्या पडल्या. मला हसू आलं नाही.

बाहेर आलो तर तिचा नवरा फाटकात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, “बघितलासा? बायकांचा संशय ह्यो असा असतोय! माणूस बिचारा पोहत हुता!” मग बाजूला उभ्या असलेल्या बायकोच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “काय गं? आता तरी कळलं का?”

बायका हसल्या. ती हसली नाही. फक्त त्याचा हात खांद्यावरून उचलून बाजूला केला, पातेल्याचं झाकण उचलावं तसा.

सोमवारी सकाळी ती पिशवी घेऊन मशीनवर आली. मी झाडत होते.

“आक्का, जातो मी. कुरुंदवाडला, भणीकडं.”

“कवा येणार?”

“न्हाय येत.”

मी केरसुणी ठेवली. “किती वरसं ठाऊक हुतं तुला?”

“सात.”

म्हटलं, सांगूनच टाकावं. “मला बी ठाऊक हुतं गं. तीन वरसं झाली.”

“व्हय की,” ती म्हणाली. “एकदा धनं करपलं माझ्याकडनं, आणि तुम्ही शिव्या दिल्या न्हाईसा. तवाच कळलं, आक्कांनी कायतरी बघितलंय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही बोलला असता तर मला कायतरी करायला लागलं असतं. तुम्ही गप बसलासा, बरं झालं. पोरीचं लगीन हुईस्तवर निघालं.” तिनं पिशवी खांद्याला लावली. “त्यानं केलं ते सोसलं वो. पण काल चारचौघांत मलाच खोटं पाडलं. ते न्हाय सोसत.”

मी तिला थांब म्हणाले नाही. तोंड नव्हतं मला. ती स्टँडच्या रस्त्यानं गेली, पाठ ताठ, घाई नाही.

पंधरा दिवसांनी तिचा नवरा मशीनवर आला. हातात मिरचीची पिशवी. शिलाईवालीनं दार लावून घेतलं असं बायका म्हणत होत्या, खरंखोटं मला माहीत नाही.

“या पावणं,” मी म्हणाले. “मसाला कुठाय?”

“कसला मसाला?”

“चटणी काय नुसत्या मिरचीची हुती व्हय? धनं, तीळ, खोबरं?”

त्याला माहीत नव्हतं. पंचवीस वर्षं खाल्ली, पण माहीत नव्हतं. पायरीवरच्या बायका त्याच्याकडे बघत होत्या, सरकून जागा मात्र कुणी दिली नाही. शेवटी त्यानं मोबाइल काढला. मशीनच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला. मी मशीन बंद केलं.

बराच वेळ रिंग वाजली. मग तिनं उचलला.

“अगं, ऐक की,” तो म्हणाला. “चटणीला धनं किती घालायचं?”

पलीकडून तिचा आवाज आला, नेहमीचाच, शांत.

“कोण बोलतंय?”

तो इकडं-तिकडं बघायला लागला. आम्ही नऊ-दहा बायका होतो. त्यानं घसा खाकरला आणि तिला आपलं नाव सांगितलं. पहिल्यांदा ऐकू गेलं नसावं, कारण त्याला ते पुन्हा सांगावं लागलं, आडनावासकट.