तळ कापलेले स्तंभ

शून्यभाऊ हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच्या हट्टाने कमावलं होतं. धंदा त्यांचा आलेखांचा. सुतार जसा बिजागऱ्या स्वतः घडवत बसत नाही, दुकानातून आणून दाराला ठोकतो, तसे सॉफ्टवेअर लिहिणारेही आलेख स्वतः काढत बसत नाहीत, तयार घेतात. आत आकडे घातले की पडद्यावर स्तंभ उभे राहतात, रेघा धावतात, वर्तुळाच्या फोडी पडतात. असे तयार आलेख शून्यभाऊ बनवायचे आणि त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ ते विकायचा. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्यांचं ऑफिस होतं. खाली हातोडे वाजायचे, वर शून्यभाऊ स्तंभाच्या कोपऱ्याची गोलाई केसभर कमी करायची की नाही, यावर सकाळ घालवायचे.

हट्ट असा, की स्तंभ शून्यापासूनच निघाला पाहिजे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, खालून तळ कापायची सोय त्यांनी कुणाला दिली नाही. "माणसाची उंची पायापासून मोजतात," ते म्हणायचे. "गळ्यापासून वर मोजली, तर लांब मानेचा बुटकाही उंच ठरेल."

कुणी प्रोग्रॅमर फोनवर कुरकुरायचा, "सर, सगळे स्तंभ सारखेच दिसतायत हो."

"आकडे सारखे असतील तर सारखेच दिसणार. मी काय त्यांना उंच टाचांचे बूट घालू?"

पलीकडचा हसून फोन ठेवायचा. कधी कधी न हसताही ठेवायचा. मग मेव्हणा म्हणायचा, "दाजी, फोन माझ्याकडे देत जा ना तुम्ही. तुम्ही तुमचे कोपरे सांभाळा, मी माणसं सांभाळतो." शून्यभाऊंना ही वाटणी पसंत होती. त्यांना माणसांशी बोलायचा कंटाळाच होता, आणि मेव्हण्याची जीभ अशी गोड, की रागावून आलेला माणूस चहा पिऊन जायचा. वर्षं गेली, गिऱ्हाईकं टिकली, वाढली. शून्यभाऊ घरी बायकोला सांगायचे, "बघ, खरेपणालाही बाजार असतो." बायको मान डोलवायची. तिला आलेखातलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचं कळत होतं. बँकेत, दवाखान्यात, कुठेही भिंतीवर स्तंभ दिसले की ती त्यांच्या गोल कोपऱ्यांवरून ओळखायची आणि शेजारच्या अनोळखी बाईलासुद्धा सांगायची, "हे आमच्या ह्यांचं काम. ह्यात खोट नसते."

ती कपड्यांच्या कारखान्यात काजे-बटण विभागाची मुकादम होती. हाताखाली आठ-दहा जणी. कुणाचा नवरा अंथरुणाला खिळलेला, कुणाच्या मुलीचं कॉलेज चाललेलं. सगळ्या तिला बाई म्हणायच्या आणि तिच्या शब्दावर चालायच्या.

त्या संध्याकाळी ती घरी आली आणि खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीत बसली.

"आमचा विभाग बंद केला," ती म्हणाली. "काम बाहेर द्यायचं ठरलंय. सगळ्यांत जास्त चुका आमच्याच होतात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"मॅनेजरने भिंतीवर दाखवलं, कुणाचे किती कपडे बिनचूक ते. कटिंगचा स्तंभ एवढा, शिलाईचा एवढा, इस्त्रीचा एवढा, आणि आमचा..." तिने गुडघ्याच्याही खाली हात नेला. "पोरी चिडल्या हो. म्हणाल्या, काम सोडल्याच्या कागदावर आम्ही सह्या करणार नाही, काम बंद पाडू. मीच उठले. म्हटलं, गप्प बसा. हे चित्र आमच्या घरचं आहे, ह्यात खोटं निघत नाही. आपणच कमी पडलो. मग सगळ्यांनी सह्या केल्या."

तिने मोबाइलवरचा फोटो पुढे केला. शून्यभाऊंनी एकदा पाहिलं आणि हसले. "वेडी की काय तू? हे माझं नव्हेच. कुणीतरी नक्कल मारलीय." पण हसू ओठांवरच राहिलं. कोपऱ्यांची गोलाई त्यांचीच होती. दोन स्तंभांमधलं अर्ध्या स्तंभाएवढं अंतर त्यांचंच. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे शून्य बसायचं, तिथे मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: ९२.

म्हणजे कटिंगचे शंभरातले सत्त्याण्णव कपडे निर्दोष, शिलाईचे आणि इस्त्रीचे शहाण्णव, आणि काजे-बटणांचे त्र्याण्णव. फरक तीन-चार कपड्यांचा, तोही काज्यांसारख्या किचकट कामात. भिंतीवर मात्र बायकोचा स्तंभ कटिंगच्या पाचव्या हिश्शाएवढा.

तळ कापायची सोय नव्हती असं शून्यभाऊ जगाला सांगत, पण एक होती. अगदी सुरुवातीला, स्तंभांची डोकी नीट जवळून बघता यावीत म्हणून, त्यांनी स्वतःपुरती एक कळ ठेवली होती. ती कुठल्या माहितीपुस्तिकेत नव्हती. ती जगात दोनच माणसांना ठाऊक होती. दुसरा होता मेव्हणा.

रात्रभर त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. सकाळी ऑफिसात मेव्हणा नेहमीसारखा शीळ घालत आला. शून्यभाऊंनी त्याच्यापुढे फोटो ठेवला.

"कळ कुणाला दिलीस?"

मेव्हण्याने फोटो पाहिला, मग खिडकीबाहेर पाहिलं. "ज्यांनी मागितली त्यांना."

"किती जणांनी मागितली?"

"दाजी, कुणी नाही मागितली ते विचारा." तो खुर्चीत बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कीव होती, आणि तीच शून्यभाऊंना जास्त लागली. "तुमचे कोपरे सुंदर आहेत, कबूल. पण लोक आपलं घेतात ते तुमच्या शून्यासाठी, असं वाटलं तुम्हाला? तुमच्याशी फोनवर भांडायचे, मग मला फोन करायचे. मी हळूच कळ सांगायचो. म्हणून टिकलो आपण. आणि शून्यवाल्यांचं चित्र म्हटलं की बघणारा खालचा आकडा तपासत नाही, हे तर त्यांना फारच आवडायचं."

"म्हणजे माझं नाव विकलंस तू."

"आपलं घर चालवलं."

"तुझ्या ताईचा विभाग बंद झाला ह्याच्यामुळे!"

मेव्हण्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा फोटो ओढून घेतला. "ताईचा? मी एका सॉफ्टवेअर कंपनीला दिलं होतं. त्यांनी पुढे कुठल्या कारखान्याला दिलं, मला काय माहीत? बिजागरी कुठल्या दाराला लागते ते विकणाऱ्याला कळतं का?"

कुंपणानेच शेत खावं आणि वर म्हणावं, मला कुठे माहीत होतं तुमचा गहू आहे म्हणून! शून्यभाऊंना त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं. पण हा पोरगा लग्नाच्या वेळी त्यांच्या मांडीवर झोपला होता. आपलेच दात, आपलेच ओठ. त्यांनी फक्त एवढंच केलं: संगणकासमोर बसले आणि ती कळ मुळापासून उपटून नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवून दिली. दुपारपासून फोन खणखणायला लागले. मेव्हण्याने एकही उचलला नाही. बॅग उचलली आणि जिना उतरून गेला.

घरी येऊन शून्यभाऊंनी बायकोला सगळं सांगितलं. भावाचं नाव ऐकल्यावर ती रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही.

"पण कळ मुळात केली कुणी?" तिने विचारलं.

"मी. पण ती फक्त माझ्यापुरती..."

"तुम्ही म्हणायचात, अशी सोयच नाही. मला म्हणायचात. मी जगाला सांगत फिरले." तिने मोबाइलवरचा फोटो पुन्हा काढला. "मी खालचा आकडा बघितलाच नाही हो. तुमच्या चित्रात तो बघायचा असतो का?"

मेव्हण्याने पाठीत वार केला, हे दिवसभर शून्यभाऊंना ठणकत होतं. आपणही बायकोच्या पाठीमागे तसेच उभे होतो, हे त्यांना आत्ता दिसलं.

त्यांनी तेच आकडे घेऊन शून्यापासून आलेख काढला, मोठ्या कागदावर छापला. सकाळी दोघं कारखान्यावर गेली. ती पुढे, कागदाची गुंडाळी घेऊन ते दोन पावलं मागे. फाटकाशी ट्रक उभा होता आणि काज्यांच्या मशिनी दोरखंडांनी बांधून त्यात चढवल्या होत्या. हिशेब घ्यायला आलेल्या बायका भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या.

बायकोने कागद उलगडून त्यांच्यापुढे धरला. चार स्तंभ जवळजवळ खांद्याला खांदा लावून उभे. बायकांनी पाहिलं. मग त्यांतली सगळ्यांत वयस्क बाई उठली, कागदाजवळ आली आणि शेवटच्या स्तंभावर हात ठेवला.

"हा आपला?"

"आपलाच."

"मग परवाचं काय होतं?"

"परवाचं खोटं होतं."

म्हातारीने ट्रककडे पाहिलं, मग बाईकडे. "परवा तुम्हीच म्हणालात, खोटं निघत नाही म्हणून. आज म्हणता, ते खोटं, हे खरं. हे कुणी काढलंय?"

इतकी वर्षं या प्रश्नाची बायकोने वाटच पाहिलेली. कुणी न विचारताही ती सांगायची. शून्यभाऊंनी मान वर केली.

तिने मागे वळून पाहिलं नाही. "कुणी का असेना," ती म्हणाली. "असली चित्रं बाजारात विकत मिळतात. तू खालचा आकडा बघ."

म्हातारी वाकली आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवून शून्य शोधू लागली.