चौक्याच्या घाटात

ज्ञानेश्वरीनं गाडी घेतली ती फुलंब्रीच्या बन्सी मिस्त्रीकडून. जुनी स्कूटी, एका अंगाला खरचटलेली, पण इंजिनाचा आवाज कान लावून ऐकावा असा. बन्सीमामानंच तिला बाजारतळाच्या मोकळ्या जागेत चालवायला शिकवली आणि सांगितलं, "पोरी, हिला रंग नाय, पण ही दगा द्यायची नाय."

दीड महिना गाडीनं तो शब्द राखला. सकाळी सातला ज्ञानेश्वरी घरून निघायची. चौक्याचा घाट ओलांडायची, सावंगीहून बायपास धरायची आणि चिकलठाण्याच्या कंपनीत औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरायला वेळेवर हजर व्हायची. तिच्या आईबापाचा जन्म मेंढरांमागं पायी चालण्यात गेला होता. स्वतःच्या गाडीवर बसून कामाला जाणारी त्या घरातली ती पहिलीच बाई.

आणि मग गाडी बंद पडायला लागली. गावातून निघताना ठणठणीत, पण घाट आला की गुदमरल्यासारखी व्हायची, दोन आचके द्यायची आणि थांबायची. मागून ऊस भरलेल्या ट्रका हॉर्न वाजवत अंगावर यायच्या. किक मारून मारून ज्ञानेश्वरीची पिंढरी भरून यायची. शेवटी ती नवऱ्याला फोन करायची.

शिवशंकर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण फोन केला की हातातलं काम टाकून मोटारसायकलवर यायचा. तिला कडेला दगडावर बसवायचा, पाण्याची बाटली द्यायचा. मग सीट उचलून टाकीचं झाकण काढायचा, पेट्रोल बघायचा, झाकण लावायचा आणि किक मारायचा. गाडी दुसऱ्या किकला सुरू व्हायची. "माझ्या हाताला लागती बघ," असं म्हणून हसायचा. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हा माणूस आपला आहे असं तिला वाटलं ते त्या घाटातच. कधी कधी तर गाडी बंद पडल्याचं तिला वाईटही वाटायचं नाही.

कंपनीत मात्र उशीर मोजला जात होता. ती बन्सीमामाकडं खेटे घालू लागली. त्यानं प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा साफ केला, कॉईल नवी टाकली. दर वेळी स्टँडपर्यंत चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, आता चांगली आहे. दुसऱ्या दिवशी घाटात पुन्हा तेच. तेव्हा शिवशंकर सहज म्हणाला की म्हाताऱ्यानं बिघडलेलीच गाडी गळ्यात मारली असणार. ते तिच्या मनात बसलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानापुढं पाच-सहा गिऱ्हाइकं उभी असताना तिनं बन्सीला लबाड म्हटलं. बाईमाणूस बघून फसवलं, म्हातारपणी तरी इमान ठेवायचं, असं बरंच काही बोलली. बन्सी पाना हातात धरून ऐकत राहिला. दोन गिऱ्हाइकांनी तिथल्या तिथं आपल्या गाड्या काढून नेल्या.

पुढच्या सोमवारी ती पाऊण तास उशिरा पोचली. सुपरवायझरनं गेटवरच सांगितलं की तिच्या जागी दुसरी बाई घेतली आहे, उद्यापासून यायची तसदी घेऊ नये. तिनं तिथूनच गाडी वळवली.

परत येताना घाटात गाडी बंद पडली. त्या दिवशी तिला कुणाला फोन करावासा वाटला नाही. नवरा करायचा तसंच तिनं केलं. सीट उचलली, टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. तिनं झाकण लावलं, किक मारली. गाडी सुरू झाली.

गाडी बंद करून तिनं झाकण पुन्हा काढलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला करड्या रंगाचा लेप होता, पाईप गळायला लागला की लावतात तसला. अंगठ्यानं दाबून सारखा केलेला.

तिनं ते झाकण बन्सीपुढं ठेवलं. त्यानं चष्मा चढवून टोच्यानं लेप खरवडला. खाली बारीक भोक निघालं.

"इथून टाकीत हवा जाती," तो म्हणाला. "ती कोंडली की दहा-बारा किलोमीटरवर पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण मीच उलटं करून बघाया पायजे व्हतं. पर हे मी नाय केलं."

"माहितीय मामा."

"बाजारात ते माहीत नव्हतं?"

झाकण परत देताना त्यानं एवढंच मागितलं की जे बाजारात बोललीस ते बाजारातच मागं घे. ती हो म्हणाली.

घरी शिवशंकर जेवत होता. सासू बानाबाई त्याच्या ताटात भाकरी वाढत होती. ज्ञानेश्वरीनं झाकण त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. तो घास चावत राहिला.

"व्हय, मी बुजवलं," तो म्हणाला. "काम सोड म्हणलं असतं तर सोडलं असतंस का? म्हणलं आपोआप कंटाळशील."

"घाटात ट्रकाखाली गेले असते म्हंजी?"

"मी येत नव्हतो का दर बारीला?"

हे तो खरोखरच उपकार सांगावेत तसं म्हणाला. बानाबाई म्हणाली की त्यानं केलं ते घरासाठीच केलं, एवढं मनावर घेण्यासारखं काही नाही.

ज्ञानेश्वरीला तो दगड आठवला, ती पाण्याची बाटली आठवली, आणि तिथं बसून नवऱ्याकडं बघत आपण हसलो होतो तेही. काम गेल्यापेक्षा ते जास्त लागलं.

पुढच्या बाजाराला ती बन्सीच्या दुकानापर्यंत गेली. शेजारच्या चहाच्या गाड्यावर ओळखीची माणसं बसली होती. बन्सीनं मान वर करून पाहिलं. बन्सी निर्दोष म्हणायचं तर मग दोष कुणाचा, हे लोक विचारणारच. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडातून निघेना. तिनं मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आली. त्याच्या पुढच्या बाजारालाही तसंच झालं.

दिवाळीनंतर बन्सीनं दुकान बंद केलं आणि तो वैजापूरला पोरीकडं राहायला गेला. गिऱ्हाईक तुटलं म्हणून, असं लोक बोलले. ज्ञानेश्वरीला सावंगीजवळ एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम मिळालं. गाडी आता एकदाही बंद पडत नाही. कुणी विचारलं की गाडी कुणाकडून घेतली, तर ती म्हणते, होता एक फुलंब्रीचा.