शिक्षा कितनी?

आमचे हे, नीलकंठराव, फॅक्टरीतून रिटायर झाले ते काही घरी बसायला नाही. कोर्टात स्वयंसेवक झाले. काम काय, तर गरीब आरोपींना सांगायचं की सरकारी खर्चानं वकील मिळतो, घाबरून गुन्हा कबूल करू नका, तो तुमचा हक्क आहे. पगार नाही, चहासुद्धा आपल्या खिशातला. मी म्हटलं, लष्कराच्या भाकऱ्या भाजायची तुमची हौस काही जात नाही.

इकडे हिंदी मुलखात, गढा वस्तीतल्या आमच्या गल्लीत बेबी राहते. दोन वर्षांपूर्वी भंडाऱ्याहून आलेली, हिंदी कामापुरती. मुलींच्या होस्टेलात रोजीवर स्वयंपाक करायची. बाजारात भाजीवाल्याशी तिचं वाजलं, आणि त्यानं पोलिसात लिहून दिलं की हिनं वजन फेकून मारलं. मारलं नव्हतं हो तिनं, वजन त्याच्याच हातून निसटून पायावर पडलं होतं. पण होस्टेलवाले म्हणाले, गुन्हा शाबीत झाला तर काम जाईल.

पहिल्याच तारखेला कोर्टातल्या बाबूनं कागद भरताना विचारलं, "शिक्षा कितनी?" त्याला म्हणायचं होतं, शिकली किती. हिला वाटलं, सजाच सुनावून राहिले. हात जोडून म्हणाली, "जितनी देंगे उतनी, साहब." लोक हसले. मग मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, जुर्म कबूल है? हिनं भेदरून मान डोलवली. हजार रुपये दंड लागायचाच, तेवढ्यात हे मागून उठले. "हुजूर, ये शिक्षा को मराठी में समझी." बाई भल्या. त्यांनी कबुली खोडली, वकील दिला. त्या दिवशी यांनी श्रीखंड दोनदा वाढून घेतलं.

मग सुरू झाल्या तारखा. कधी भाजीवाला येईना, तो आला तर वकील दुसऱ्या कोर्टात. दीड वर्षात अकरा तारखा, आणि दर तारखेला बेबीचा खाडा. हे प्रत्येक वेळी सोबत जायचे.

"काहून जीव काढून राहिले स्वतःचा?" मी चिडायची.

"तिनं काही केलं नाही, अनसूया," एवढंच म्हणायचे.

बाराव्या तारखेला बेबीनं आपणहून गुन्हा कबूल केला. दंड भरला. बाहेर येऊन यांना म्हणाली, "काका, खाड्यांपायी होस्टेलवाल्यांनी काल दुसरी बाई ठेवली. आता खरं बोलून काय करू?"

घरी आल्यावर हे म्हणाले, "तिला हक्क सांगितला मी. त्याला किती दिवस लागतात, ते नाही सांगितलं." मला यांचा राग आला होता. तो कुठे गेला कोण जाणे, नुसतं वाईट वाटत राहिलं.

अजूनही कोर्टात जातात. पण आता समोरच्याला आधी विचारतात, पगारी आहेस की रोजीवर? रोजीवर असला, तर "कबूल करू नको" हे यांच्या तोंडून निघत नाही.