पोळपाटाएवढी स्क्रीन घेऊन अकोल्याला

नवी गाडी घेतली की ती नातेवाइकांना नेऊन दाखवायची, हा वऱ्हाडातला कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या आधीचा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी कडक. त्याला धरून मार्चअखेरच्या एका रविवारी आम्ही अमरावतीहून अकोल्याला नणंदेकडे निघालो. आम्ही म्हणजे मी, आमचे हे, आणि मागच्या सीटवर मांडी घालून बसलेल्या सासूबाई.

माझा यात वेगळा स्वार्थ होता. पन्नाशी उलटल्यावर हट्टाने लायसन्स काढलं, पण गाडी चालवली ती फक्त कॉलनीच्या मैदानाभोवती. मला हायवेवर चालवायची होती. म्हणून आधीच ठरवून घेतलं, मूर्तिजापूरपर्यंत हे, पुढे मी. यांनी हो म्हटलं होतं खरं, पण लहान पोराला ‘उद्या जत्रेत जाऊ’ म्हणतात तसं.

“हे साधी गाडी नाही वो,” शहर सोडायच्या आधी, राजापेठेपासूनच यांचं सुरू झालं. “कॉम्प्युटर हाये. तुले नाही जमनार.”

जाणाऱ्यांसाठी सांगते, रस्ता उत्तम आहे. शंभरेक किलोमीटर, चौपदरी, दोन तासांत आरामात अकोला. फक्त ऊन. सकाळी नऊलाच कपाळ तापतं, एसीशिवाय भागत नाही, आणि आमचा एसी स्क्रीनच्या आत राहतो. पोळपाटाएवढी काच. आधी पंख्याचं चित्र दाबा, मग कोणाकडचा पंखा ते सांगा, मग किती ते सरकवा. जुन्या गाडीत एक गोल बटण होतं, न बघता फिरवता यायचं. ते काढून टाकलं, त्याला प्रगती म्हणतात.

बडनेऱ्याला पोलिसांनी हात दाखवला. यांच्या हातात फोन होता.

“फोन हाती कावून धरला?” हवालदारसाहेबांनी विचारलं.

“स्क्रीनले जोडून राहिलो साहेब. एकदा जोडला का मंग फोन हाती धराचं कामच नाही.”

“म्हनजे, फोन हाती धरू नये म्हनून हाती धरला?”

कप्पाळ! चलान झालं. मला राहवेना. मी विचारलं, “आणि साहेब, ही एवढी मोठी स्क्रीन चालते?”

त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. “थे गाडीसंग आली ना बाई? मंग थे गाडीच हाये.”

घ्या! बोटभर फोन गुन्हा आणि पोळपाट माफ. सासूबाईंना तेवढ्यात डुलकी लागली होती. जाग आल्यावर गाडी का थांबली म्हणाल्या, तर यांनी ठोकून दिलं, “वळखीचा मानूस होता माय, नमस्कार केला.”

लोणीच्या पुढे चलानाचा मेसेज आला. फोन आता जोडलेला! स्क्रीनमधली बाई इंग्रजी वळणाच्या आवाजात खणखणीत वाचू लागली, वाहन क्रमांक अमुक, गुन्हा, वाहन चालवताना मोबाईलचा वापर.

“कोन बोलून राहिली वो थे?” सासूबाई उठून बसल्या. “कोनाचं चलान?”

हे घाईघाईने स्क्रीन दाबायला लागले. बंद करायला गेले तर बाईने पहिल्यापासून वाचायला घेतलं. दोन्ही डोळे काचेत. मी समोर पाहिलं, तर मोटरसायकल, मागे पोतं धरून बसलेली बाई, आणि आमच्यात अंतरच नाही.

“अहो!” मी किंचाळले. यांनी ब्रेक मारला, मोटरसायकल मुरमात उतरून कलली, बाईने उडी टाकली, पोतं फाटलं आणि हरभरा रस्त्यावर सांडला.

बाईचं कोपर सोललं होतं. ती सरळ यांच्या खिडकीशी आली. “आमी मेलो असतो ना बे! त्या टीवीत काय पाहून राहिला होता?”

 खाली उतरून, कडक इस्त्रीच्या पँटीनिशी गुडघे टेकून हे हरभरा गोळा करू लागले. मीही. यांचा इतका राग आला होता, की तोंड उघडलं असतं तर भर रस्त्यात तमाशा झाला असता. तिच्या कोपराला माझी ओढणी बांधली. पोलीस बोलवायचे का, विचारलं. “पोलीस काय करते?” ती म्हणाली, “रस्त्याकडे पाहा म्हना याले.”

ते दोघं गेल्यावर हे पुन्हा स्टिअरिंगमागे बसले, तर सासूबाईंनी पुढचं दार उघडलं. “तू उतर. सूनबाई, बस इथं.”

“माय, तिले स्क्रीन नाही जमत.”

“बरं हाये. तिले रस्ता तरी दिसन.”

तर वाचकहो, असा माझा हायवे मला मिळाला. असा नको होता. मूर्तिजापूरला आलूबोंडा-रस्सा खाल्ला (खाच, पण पाण्याची बाटली जवळ ठेवून), काटेपूर्णेचा पूल ओलांडला, आणि अकोल्यात शिरेपर्यंत माझी मान इकडची तिकडे झाली नाही. नणंदेने गाडीला ओवाळलं. कोणी चालवली, विचारलं. हे म्हणाले, “तिनं.”

परततानाही मीच चालवत होते; लोणीच्या अलीकडे स्क्रीनवर नणंदेचं नाव चमकलं. पोहोचलात का विचारायला असेल. आणि माझा हात, खरं सांगते, आपोआप तिकडे गेला. मागून फटकन चापट बसली.

“तुले बी उतरवू का?” सासूबाई म्हणाल्या. लाजेने मला घाम फुटला. एसी चालू होता.

घरी येऊन आता महिना झाला. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून टोचतं. सासूबाईंनी पूर्वी टीव्हीवर असायचा तसा क्रोशाचा रुमाल विणून स्क्रीनवर टाकलाय. गाडी हलायच्या आधी एसी लावायचा, पत्ता टाकायचा, मग पडदा. मागे घेताना कॅमेऱ्यापुरता उचलायचा. हे कुरकुरतात, पण काढत नाहीत.

परवा शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं. “काकू, एवढी भारी स्क्रीन, अन् झाकून कावून ठेवली?”

“पाहासारखी हाये बापा,” सासूबाई म्हणाल्या, “म्हनूनच झाकली.”