मेलितोनचं पिंप

आमच्या गावात बासिलिसाशी वाद घालायला पाद्रीसुद्धा कचरायचे. चाळिशी उलटलेली, लग्न न केलेली, जिभेला धार अशी की कोंबडीही तिच्या अंगणात विचारून शिरायची. पण मेलितोनचं नाव निघालं की तीच बाई मेणाहून मऊ व्हायची. आई गेली तेव्हा हा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता. तिनं त्याला वाढवलं, त्यापायी दोन चांगली स्थळं परत पाठवली, आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

दोघांकडे आजोबांनी लावलेला टेकडीवरचा द्राक्षमळा होता. वेलींची खोडं मांडीएवढी जाड आणि घड मात्र मोजून चार. मेलितोन म्हणायचा, "म्हाताऱ्या वेली कमी बोलतात ताई, पण फुकटचं बोलत नाहीत." पोराची जीभ भारी. पंधराव्या वर्षी डोळे मिटून सांगायचा, ही वाइन भिंतीकडच्या वेलींची, ही ओढ्याकडची. बिघडलेली असली तर सरळ तळघराच्या जमिनीवर थुंकायचा, मग ती कुणाच्या का घरची असेना. गावातले म्हातारे चिडायचे. बासिलिसा वरवर रागवायची आणि आतून फुलून यायची.

त्रेसष्ट सालची द्राक्षं उतरली आणि मेलितोन जर्मनीतल्या कारखान्यात निघाला. टेकडीवर दोघांचं पोट भरत नव्हतं, हे खरंच होतं. जायच्या दिवशी त्यानं तळघरातल्या, नव्या वाइननं भरलेल्या एका ओकच्या पिंपावर थाप मारली.

"हे विकायचं नाही. मी आलो की दोघं मिळून उघडू. तोवर कुणाला थेंब नाही. तुलासुद्धा नाही!"

"आणि येणार कधी, राजेसाहेब?"

"तीन वर्षांत. तोवर पिकेल बघ कशी."

आता पिंप म्हणजे काही पेटी नव्हे, की कुलूप लावलं आणि झालं. लाकूड थोडी वाइन पितं, थोडी हवेत जाते, पिंपात पोकळी होते आणि पोकळीत हवा शिरली की वाइनचा आंबटढाण शिरका व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दर महिन्याला पिंप काठोकाठ भरावं लागतं, तेही त्याच सालच्या, त्याच वाइननं. बासिलिसानं त्यासाठी दोन मोठ्या काचेच्या बरण्या भरून ठेवल्या होत्या. तीन वर्षांना त्या पुरून उरल्या असत्या.

तीन वर्षं झाली. नाताळला पत्र आलं, "पुढच्या वर्षी नक्की." त्याच्या पुढच्या वर्षीही तेच पत्र आलं. पाचव्या वर्षी दोन्ही बरण्यांचा तळ दिसला.

पिंपं बांधणारे सेवेरोकाका म्हणाले, "बाटल्यांत भर आता. बाटलीत वीस वर्षं राहील."

"दोघांनी मिळून उघडायचं ठरलंय."

"अगं, तो तिकडे बिअर ढोसतोय आणि तू इथे पिंपाची राखण करतेस!"

"तुम्हाला उपाय विचारला होता काका, शहाणपण नाही."

सेवेरोकाका हसले. उपाय जुना होता. पिंपात गोटे टाकायचे, म्हणजे वाइन वर चढते आणि पोकळी राहत नाही. "पण एब्रो नदीतलेच आण. पांढरे, कठीण. उकळून घे," ते म्हणाले.

एब्रो तासाभराच्या वाटेवर होती. दोनदा तिनं तिथून गोटे आणले. तिसऱ्यांदा ती मळ्यात छाटणी करत होती आणि पायाशी उन्हानं तापलेले खडे पडले होते. तिला वाटलं, याच खड्यांनी या वेलींना ऊब दिली, लहानपणी मेलितोन यांच्यावरच पाय पोळून घ्यायचा. नदीचे परके दगड कशाला? तिनं ते घरी नेले, घासले, उकळले आणि बुचाच्या भोकातून एकेक करून आत सोडले. पुढची चार वर्षं दर महिन्याला ती हेच करत होती.

बहात्तरच्या उन्हाळ्यात पत्र आलं, "ऑगस्टमध्ये जत्रेला येतोय." या वेळी तारीख होती. बासिलिसानं सेवेरोकाकांना पिंपाच्या पट्ट्या ठोकायला बोलावलं. त्यांना दाराशी खड्यांची टोपली दिसली. त्यांनी एक खडा उचलला, बघितला आणि त्यावर शिरक्याचे चार थेंब टाकले. खडा फसफसला.

"चुनखडी आहे ही, बासिलिसा! वाइनचा सगळा आंबटपणा खाल्ला असेल हिनं."

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं वचन मोडून वाइन चाखली. वास ओकचा होता, रंग विटकरी झाला होता, पण जिभेवर काही उभंच राहिना. भांडी विसळलेल्या पाण्यासारखी लागली. ती तिथेच ओट्यावर बसली.

सेवेरोकाकांना दया आली. "माझ्याकडे त्याच सालची चांगली वाइन आहे. सुरईत ती भरून दे. त्याला काय कळतंय?"

"त्याला?" ती फणकारली. "पहिल्या घोटाला पकडेल तो मला. थुंकू दे. थुंकेल, चार शिव्या घालेल, मग मी सगळं सांगेन."

मेलितोन आला तो मोटारीतून. पोट सुटलेलं, केस विरळ झालेले, ताईसाठी विजेवर चालणारं कॉफी दळायचं यंत्र आणलेलं. तिनं तळघराच्या दाराशी द्राक्षवेलींच्या काटक्यांवर कोकराच्या फासळ्या भाजायला ठेवल्या आणि त्याला आत नेलं. मागोमाग सेवेरोकाकाही आले. तिनं पेला भरला, त्याच्या हातात दिला आणि त्याला थुंकायला जागा व्हावी म्हणून दोन पावलं मागे सरली.

त्यानं एका दमात पेला रिकामा केला.

"वा, ताई! तीच! नऊ वर्षं हीच चव जिभेवर होती बघ माझ्या!"

बासिलिसा त्याच्याकडे बघत राहिली. मस्करी नव्हती. डोळे खरोखर भरून आले होते त्याचे.

"नीट चाख रे."

"चाखली की."

"कुठली आहे? भिंतीकडची का ओढ्याकडची?"

"म्हणजे?" मेलितोननं विचारलं. "अगं, वाइन आहे, आपल्या घरची आहे. अजून काय पाहिजे?"

"काही नाही," ती म्हणाली. "फासळ्या करपतील. जा, परतव जरा."

तो शीळ घालत बाहेर गेला. ती वळली, पिंपाला कपाळ टेकून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले.

"रडतेस कशाला, वेडे?" सेवेरोकाका हळूच म्हणाले. "आवडली ना त्याला!"

"थुंकला असता, काका," ती म्हणाली, "तर तो आलाय असं वाटलं असतं मला."