दीड इंच माया

सहा आठवड्यांपूर्वी, सकाळी नऊच्या सुमारास यमुनाताईंच्या ज्योतीचा फोन आला. "काकू, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी टेबलावर कापड बेतत होते. "आले" म्हटलं, फोन ठेवला आणि कात्री तशीच पुढे चार बोटं चालवली. वाकडं कापलं गेलं. शिवणकामाच्या चोवीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

यमुनाताई आणि मी, दोघी खांदा कॉलनीत ब्लाउज शिवायचो. त्यांचं घर माझ्या घरापासून दोनशे दहा पावलांवर. त्या मोरा बंदरातल्या कोळ्यांच्या. मासळीची पाटी घ्यायची नाही म्हणून शिवण शिकल्या. बायका एकीकडे कापड टाकायच्या आणि दुसरीकडे भाव विचारायला यायच्या. शिलाईच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो, पुढे ब्लाउज घट्ट झाला तर उसवून वाढवता यावा म्हणून. मी पाऊण इंच माया ठेवते. यमुनाताई दीड इंच ठेवायच्या. त्यांचे जुने ब्लाउज पुन्हा पुन्हा सैल करून वापरले जायचे, त्यामुळे नवं काम कमी यायचं. मी मात्र एका बाईला सांगितलं होतं, त्यांच्या शिलाया जाड येतात, अंगाला टोचतात. ते त्यांच्या कानावर गेलंच.

दोन हजार सातच्या लग्नसराईत मी न्हाणीघरात पडले आणि उजवं मनगट मोडलं. अकरा ब्लाउज बाकी, गिऱ्हाइकाकडचं लग्न नऊ दिवसांवर. यमुनाताई न बोलावता आल्या आणि माझ्या मशीनवर बसल्या. मी आत जाऊन पाहिलं, तर माया पाऊण इंचच सोडलेली.

"अहो, तुमच्या पद्धतीनं शिवा," मी म्हटलं.

"तुमच्या नावाचं काम हाय, वयनी. आणि तुमची माया पाऊणच, म्हायती हाय मला." मग मान वर न करता म्हणाल्या, "टोचायला नको कोणाला."

मी माफी मागितली नाही... ती राहिलीच. आठव्या दिवशी अकराही ब्लाउज तयार होते.

चार वर्षांनी त्यांचा डावा स्तन काढावा लागला. त्यांच्याकडे पडलेले सतरा ब्लाउज मी त्यांच्याच घरी बसून शिवले, दीड इंच माया ठेवून. त्यांना घोर होता तो ज्योतीच्या लग्नाचा. मांडवात बायकांची नजर आधी छातीवर जाणार आणि मग ज्योतीच्या सासरी कुजबुज होणार. माप घ्यायला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला त्यांनी हात लावू दिला नाही. पूर्वीचं माप छत्तीस होतं. त्या दिवशी टेप एकोणतिसावर आली. लग्नाच्या ब्लाउजात डावीकडे कापसाची उशी शिवली, पण ती हलकी, हात उचलला की वर सरकायची. तेव्हा त्यांनी भावाच्या जुन्या जाळ्याच्या दोन शिशाच्या गोळ्या आणल्या. "जाळं खाली बसतं, तर हे नाय बसणार?" म्हणाल्या. बसलं. मांडवात कुणाला कळलं नाही.

तो ब्लाउज दिला तेव्हा त्यांनी शिलाईच्या आतलं दीड इंच अंगठ्यानं चाचपलं. "आज हात सैल सोडलात. एवढी माया कोणासाठी?"

"तुम्ही पुन्हा भराल अंगानं."

पुढे वर्षभर त्यांचं अंग उतरतच गेलं. शेवटी मी माप घेणं सोडून दिलं.

गेल्या आठवड्यात ज्योती तोच ब्लाउज घेऊन आली. "मला बसेल असा करून द्या. डावीकडचं काढून टाका." तिचं माप बत्तीस. म्हणजे तीन इंच हवे होते. दोन्ही बाजूंचे मिळून चार पदर, प्रत्येकातून पाऊण इंच सोडलं की बरोबर तीन. मी उसवलं. आतलं कापड वरच्यापेक्षा गडद होतं, नवंच. पुन्हा शिवल्यावर आत उरली पाऊण इंच.

उशी काढताना गोळ्या टेबलावर पडल्या. ज्योतीनं एक उचलली. "ही मामाच्या जाळ्याची." थोडा वेळ मुठीत धरून तिनं ती परत ठेवली. "तुमच्याकडेच राहू दे, काकू."

आता कापड बेतताना त्या दोन्ही गोळ्या कोपऱ्यांवर ठेवते. कापड हलत नाही. खडूची रेघ मी दीड इंचावर मारते.