आई पाणी प्यायची नाही

वहिनींनी फिनाईलची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "जिथे बसलीस ना, ते सगळं घासून काढ. वरून खालपर्यंत."

मी नववीत होते. शाळेला सुट्टी लागली होती म्हणून आईबरोबर कामाला गेले होते. बदलापूरला खरवईत नवे टॉवर झालेत, त्यातल्या एकात वरच्या मजल्यावरचं हे घर. आई तिथे झाडू, लादी, भांडी आणि दोन्ही बाथरूम करायची. वहिनी तिला मावशी म्हणायच्या. मावशी हे करा, मावशी ते करा. नातं पक्कं होतं, फक्त मावशीने त्या घरात संडासला जायचं नाही असा नियम होता.

मला तो नियम ठाऊक नव्हता. पोटात कळ आली, मी गेले. कडी लावली, बसले, पाणी टाकलं, बाहेर आले. दारात वहिनी उभ्या.

तो संडास आईने थोड्या वेळापूर्वीच घासला होता. हाताने. आईचा हात तिथे चालतो, आईच्या पोरीचं बसणं चालत नाही. हे गणित मला तेव्हा सुटलं नाही. अजूनही सुटत नाही.

"मावशी, राग मानू नका," वहिनी आईला म्हणाल्या. "पण घरात लहान बाळ आहे. इन्फेक्शन होतं."

आई ओल्या हातांनी किचनमधून आली. मला वाटलं, आता ही बोलणार. अंबरनाथला आमच्या वस्तीत आई कुणाचं ऐकून घ्यायची नाही. नळावर तिचा आवाज चढला की बाया आपापले हंडे बाजूला घ्यायच्या. तीच आई म्हणाली, "चुकलं, वहिनी. लहान हाय. परत नाय होणार."

मी घासलं. वरून खालपर्यंत. घासताना इतकी लाज वाटत होती की आपल्याला हे शरीरच नको असं वाटलं. भूक लागते, लघवी लागते, असलं शरीर कशाला मिळालं म्हणून.

परत येताना रिक्षाच्या थांब्यावर आईने मला समजावलं. दुसऱ्या आया पोरींना भाकरी थापायला शिकवतात. माझ्या आईने मला तहान दाबायला शिकवलं.

"सकाळी अर्धा कप चा घ्यायचा. मग पाण्याला हात नाय लावायचा. घसा सुकला तर तोंडात बडीशेप धरायची. घरी आल्यावर पी काय प्यायचं ते."

"आणि लागली तर?"

"प्यायलीच नाय तर लागंल कशी?"

ती हसली. मोठी युक्ती सांगितल्यासारखी हसली. मलाही हसू आलं, आणि त्या हसण्याची मला आज चीड येते.

आई सकाळी निघायची ती दुपार टळल्यावर परत यायची. चार घरं होती तिची, चारही घरांत तोच नियम. खाली पार्किंगमध्ये वॉचमन लोकांसाठी एक संडास होता. त्याच्या दाराला आतून कडी नव्हती. आई तिथे कधी गेली नाही. भर उन्हाळ्यातही गेली नाही. बदलापूरचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना मी वेगळं काय सांगू.

आमच्या घरात भिंतीवर एक तसबीर आहे. ज्या माणसाने आमच्या लोकांना तळ्यावर नेलं आणि ओंजळीने पाणी प्यायला लावलं, त्याची. जयंतीला आई पांढरी साडी नेसून तिला हार घालायची. त्या पाण्यापायी आमच्या माणसांनी डोकी फोडून घेतली. आणि इथे आई, नळाला पाणी असताना, स्वतः घासलेले ग्लास समोर पालथे असताना, कोरड्या घशाने लादी पुसायची. तेव्हा पाणी आत घ्यायला बंदी होती. आता बाहेर सोडायला आहे.

मग जळजळ सुरू झाली. मधूनच थंडी वाजून ताप. कंबर धरलेली. "बाईच्या जातीला असतंच हे," आई म्हणायची. मेडिकलवाला सुट्ट्या गोळ्या द्यायचा, दुखणं थांबायचं, आई कामाला जायची. खाडा केला की वहिनींचा फोन यायचा. अशी वर्षं गेली. मग पाय सुजले. मग सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसायला लागलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि आईवर खेकसले, "पाणी का पीत नव्हता? पाण्याला काय पैसे पडतात?"

"प्यायची की, साहेब," आई म्हणाली. खोटं. तिथेही तिने वहिनींची अब्रू झाकली.

मी म्हणाले, "कामावर संडासला जाऊ देत नाहीत हिला."

डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग आजाराचं नाव इंग्रजीत लिहून दिलं. दोन्ही किडन्या जवळपास गेल्या होत्या, थोड्या वर्षानुवर्षं तुंबवलेल्या लघवीने आणि उरल्यासुरल्या दुखणं थांबवणाऱ्या त्या गोळ्यांनी. तो आजार आला कुठून, ते पुढे कुणी विचारलं नाही.

उल्हासनगरला आईचं डायलिसिस सुरू झालं. मी कॉलेज सोडलं आणि तिची घरं धरली. तीच चार घरं. मीही अर्धा कप चहावर जायला लागले. तोंडात बडीशेप.

आणि मग आईची लघवी बंद झाली. डॉक्टर म्हणाले, आता पाणी मोजूनच द्यायचं. चहा त्यातच, औषधाचा घोटही त्यातच. जास्त झालं तर छातीत भरेल. रिक्षात बसल्यावर आईने औषधांची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "जल्मभर वाटायचं, लागूच नये. आता लागत नाय, तर पाणीच नाय."

शेवटी शेवटी ती फक्त पाणी मागायची. मी कापूस भिजवून ओठांवर फिरवायचे. ती तो कापूस दातांत धरून चोखायची आणि मी तो तिच्या तोंडातून ओढून घ्यायचे. आईच्या तोंडातून पाणी ओढून घेणारी लेक झाले मी.

"घोटभर दे गं, पोरी," ती म्हणाली. "आता कुणाच्या घरी जायचंय मला."

मी दिलं नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

कार्य आटोपल्यावर मी कामावर गेले. वहिनींनी मला खुर्चीवर बसवलं. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, खोटं कशाला सांगू. स्टीलच्या ग्लासात थंड पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "मावशी फार चांगल्या होत्या गं. इतकी वर्षं आल्या, पण कधी पाणीसुद्धा मागितलं नाही."

ही आईला दिलेली शाबासकी होती.

मी ग्लास रिकामा केला. म्हणाले, "अजून द्या." त्यांनी दिलं. तेही प्याले, आणि उठले. "मला बाथरूमला जायचंय."

"अगं, खाली वॉचमनकडे..."

"इथेच."

मी गेले. कडी लावली. निवांत बसले. माझ्या आईने तिच्या अंगातलं सगळं पाणी देऊन चकचकीत ठेवलेल्या त्या फरश्या पाहत बसले आणि तिथे पहिल्यांदा मोठ्याने रडले. बाहेर आले तर वहिनी फिनाईलची बाटली घेऊन उभ्या. त्यांनी ती पुढे केली. मी हात पुढे केला नाही. चपला घातल्या आणि जिना उतरले.

आता नवीन घर धरताना मी पगार नंतर विचारते, आधी संडास विचारते. बरेच जण दार लावून घेतात. टॉवरच्या गेटवरच्या बाया मला हसतात, बाथरूमवाली म्हणतात. म्हणू देत. त्यातल्या दोघी परवा हळूच विचारत होत्या, तू नेमकं कसं बोलतेस म्हणून. मी त्यांना शब्दन् शब्द सांगितला.

जिथे मला जायला जागा नाही, तिथला झाडू मी उचलत नाही. उपाशी राहीन, तहानलेली राहणार नाही. रोज सकाळी निघताना तसबिरीसमोर उभी राहून दोन ग्लास पाणी पिते, एक माझं आणि एक आईचं, आणि मगच घराबाहेर पडते.